मोरीपासून बावीस पावलं

माधवरावांना वाकडं खपत नसे. तळेगावात त्यांच्या सोसायटीच्या आवारात गाड्या लावायचे पांढरे पट्टे रंगाऱ्याने जरा तिरके मारले, तर हे टेप घेऊन खाली उतरले आणि उन्हात उभं राहून सगळे पट्टे पुन्हा मारून घेतले. चौतीस वर्षं रेल्वेत रूळ सांभाळायची नोकरी केलेला माणूस. रूळ अर्धा इंच सरकला तरी त्यांना आधी पायाला कळायचं आणि मग टेपला. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा विहंग बंगळूरला. त्यामुळे एवढं सगळं ज्ञान सोसायटीच्या पार्किंगवर खर्ची पडत होतं.

अशा माणसाच्या हाती जंगलात हरवलेली एक रेल्वे लागली, मग काय विचारता.

कान्हे गावाहून आत, आंदर मावळाच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतून एक सपाट पट्टी जाते. गुराख्यांना ती वाट वाटते. माधवराव एका रविवारी ओळखीच्यांबरोबर फिरायला गेले होते. त्या पट्टीवरून ते पन्नासेक पावलं चालले आणि थांबले. वाट इतकी एकसारखी चढत नाही आणि इतकी बेताने वळतही नाही. ही पायांनी पडलेली वाट नव्हती, कुणीतरी आखलेली लाइन होती.

खरं काय ते त्यांना धोंडिबाने सांगितलं. धोंडिबा खालच्या वाडीतला, साठी ओलांडलेला शेतकरी. भातशेती थोडी, म्हणून वर्षातले काही महिने लोणावळ्याला बंगल्यांवर राखणदारी करायचा.

"व्हय सायेब, ट्रालीची लाइन व्हती. वरचा ऐन आन् साग तोडून खाली न्यायचं. झाडं सपली, ठेकेदार गेला, रूळ बी गेलं. आमी ल्हानपनी हितं खिळं हुडकायचो."

मग धोंडिबाने त्यांना सगळी लाइन चालून दाखवली. कुठे कातळ फोडलाय, कुठे भराव टाकलाय, ठेकेदाराची पाण्याची टाकी कुठली, मजुरांच्या तळाची जागा कुठली, जिथे काठीने उकरलं की अजून काळी राख निघते. तळाच्या अलीकडे ओढ्यावर दगडी मोरी होती, म्हणजे रेल्वेवाले ज्याला मोरी म्हणतात तो लहानसा पूल. त्याचा एकही दगड हलला नव्हता. माधवरावांनी तिच्या भिंतीवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मोरीच्या पलीकडे, लाइनीच्या कडेने, गवतात अकरा दगड उभे रोवलेले होते, काही गुडघ्याएवढे, काही त्याहून लहान.

"हितं आमची म्हातारी येती वैशाखात," धोंडिबा म्हणाला. "त्या दगडास्नी तेवढं हात नगा लावू, सायेब."

माधवरावांनी वहीत लिहिलं: 'दगडांविषयी स्थानिक समजूत.' समजूत कसली, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण माधवराव तेव्हा पिशवीतून टेप काढत होते, आणि टेप हातात आला की त्यांना कुणाचं ऐकू येत नसे.

दगडांमधली अंतरं त्यांनी इंचापर्यंत उतरवली. पहिला दगड मोरीपासून दहा फुटांवर. पुढचा सात फुटांवर, त्यापुढचा चार फूट दोन इंचांवर, मग अकरा फूट दहा इंच. चौथ्या दगडाला खेटून एक वीतभर उंचीचा लहान दगड, अंतर जेमतेम दीड फूट. पुढे तीन एका ठिकाणी, मग बरीच मोकळी जागा. मोजतानाच त्यांना आत कुठेतरी कळलं होतं की हे रेल्वेचं काम नव्हे. रेल्वे एकही दगड असा अंदाजाने रोवत नाही. हे दगड ज्यांनी रोवले त्यांच्याकडे टेप नव्हता, किंवा त्यांना त्या दिवशी टेपची गरज नव्हती. पण कळलेलं मान्य करायचं म्हणजे मग दगड कसले हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर माधवरावांपाशी नव्हतं. उत्तर नसणं हे त्यांना वाकड्या पट्ट्याइतकंच खपत नसे.

म्हणून त्यांनी उत्तर तयार केलं. तळेगावात ज्येष्ठांच्या मंडळात पडद्यावर फोटो दाखवून त्यांनी ठासून सांगितलं की ही लाकूड भरायची जागा होती आणि अकरा दगड म्हणजे अकरा ट्रॉल्या उभ्या करायच्या खुणा, पंधरा-पंधरा फुटांवर. टाळ्या पडल्या. एका साप्ताहिकात फोटोसकट लेख आला. रविवारी लोक चालायला येऊ लागले. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या आसावरीने पुढाकार घेतला, तिची भाची अनुष्का हिने कॉम्प्युटरवर सुबक नकाशा काढून छापून आणला. नकाशावर खाली 'शोध आणि मोजणी: माधवराव' असं होतं. धोंडिबाचं नाव नव्हतं. बारीक अक्षरात 'स्थानिक ग्रामस्थांच्या सहकार्याने' एवढं होतं, आणि माधवरावांना ते पुरेसं वाटलं होतं.

इथवर हा फार तर फुशारकीचा मामला होता. फुशारकी कोण मारत नाही. पण जानेवारीत पुण्याच्या एका जुन्या अभियंत्यांचा फोन आला. लेख आवडला म्हणाले. आणि मग म्हणाले, "पंधरा फुटांच्या अंतराचं मला जरा नवल वाटतं हो. पुढल्या रविवारी येतो, आपण मिळून टेप लावू."

त्या आठवड्यात माधवरावांनी जे केलं ते सांगायला त्यांना पुढे चार महिने लागले, पण वाचणाऱ्याने थांबायचं कारण नाही. त्यांनी दगड हलवले. धोंडिबा तेव्हा लोणावळ्याला राखणीला होता, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो आठवडा. रोज सकाळी स्कूटरवर पहार बांधून ते जायचे, एकटे. पहिला दगड सोडून बाकीचे दहा त्यांनी सैल केले, ओढले, दोरीच्या रेषेत पंधरा-पंधरा फुटांवर पुन्हा रोवले. लहान दगडाचं काय करावं हे त्यांना दोन दिवस समजेना, कारण दोन ट्रॉल्या एकमेकींना खेटून उभ्या राहत नाहीत. शेवटी तो त्यांनी पार टोकाला नेऊन लावला. मग सगळ्यांना चुना मारला आणि काळ्या ऑइल पेंटने आकडे घातले, एक ते अकरा. पावसाने, गुरांनी हे दगड इकडेतिकडे झाले असणार, आपण फक्त ते मूळ जागी आणतोय, असं ते स्वतःला बजावत होते. माणूस स्वतःशी किती सभ्य भाषेत खोटं बोलतो.

रविवारी अभियंते आले, टेप लागला, अंतरं बरोबर भरली. जाताना त्यांनी माधवरावांचा हात हातात घेतला. माधवरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यांनी ते पित्तावर ढकललं.

मग मे महिना आला आणि वैशाखी पौर्णिमा.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून माधवरावांनी आठ-दहा जणांना लाइनीवर नेलं होतं. मोरीपाशी पोचतात तोच खालून तीन माणसं चढून येताना दिसली. पुढे धोंडिबा. त्याच्या मागे त्याची मुलगी तेजल, तळेगावच्या एका दवाखान्यात नर्स, पांढरा ड्रेस, हातात मेणबत्त्यांचं पाकीट. आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून एक चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, पांढऱ्या लुगड्यातली, डोळ्यांनी जवळजवळ अधू. धोंडिबाची आई, सरूबाई.

"नमो बुद्धाय, सायेब," चुन्याकडे आणि आकड्यांकडे एकदा बघून धोंडिबा म्हणाला. "आईला घेऊन आलोय. दरसाल येती."

सरूबाईने तेजलच्या खांद्यावरचा हात काढला, मोरीची भिंत चाचपली आणि भिंतीच्या शेवटच्या दगडाला पाठ लावून उभी राहिली. आसावरीने हळूच विचारलं, "आजी काय करतायत?"

तेजलने सांगितलं. अगदी साध्या आवाजात, दवाखान्यात पेशंटची माहिती द्यावी तसं. सरूबाईचा बाप, म्हणजे तेजलचे पणजोबा, तेव्हा चार वर्षांचे होते. तळावर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. आठ दिवसांत दहा माणसं गेली, सगळी आमची, महारवाड्यातली. काम थांबलं नाही, खाली न्यायलाही कुणी नव्हतं, म्हणून लाइनीच्या कडेलाच पुरली आणि दगड उभे केले. पणजोबांची आई त्यातच गेली, आणि तिच्यामागे दोन दिवसांनी तिची तान्ही मुलगी. म्हणून अकरा दगड. पणजोबांना त्यांच्या वडिलांनी जागा पावलांनी शिकवली होती, त्यांनी आजीला. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर घरातलं बाकी सगळं जुनं सोडलं, पण ही वाट सोडली नाही. पौर्णिमेला आजी मोरीपासून मोजत येते.

"मोरीपासून बावीस पावलं," तेजल म्हणाली. "तिथे हात खाली केला की दगड लागतो. आणि त्याच्या उजव्या अंगाला लहान."

माधवरावांच्या कानात गरम हवा भरल्यासारखं झालं. सरूबाई निघाली होती. पाऊल पाऊल टाकत, ओठांनी मोजत. एकोणीस. वीस. एकवीस. बावीस. तिने वाकून हात खाली केला.

हाताला गवत लागलं.

तिने हात डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागली. थोड्या वेळाने ती स्वतःच उठली, "चुकलं वाटतं," म्हणाली, आणि तशीच चाचपत मोरीपर्यंत मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. दुसऱ्यांदाही गवतच लागलं.

अनुष्का मनाने चांगली मुलगी. तिने नकाशा उघडला आणि पुढे झाली. "आजी, चौथा दगड इथे नाहीये, पुढे आहे. मोरीपासून पंचावन्न फूट. हे बघा, मोजलेलं आहे सगळं." तिने सरूबाईला हाताला धरून आणखी पंधरा पावलं पुढे नेलं आणि तिचा हात चार आकडा घातलेल्या दगडावर ठेवला.

सरूबाईने दगड चाचपला. "ह्योच हाय," ती म्हणाली. मग तिचा हात उजवीकडे गेला. "धाकला कुटंय?"

धोंडिबाने इकडेतिकडे पाहिलं. "आये, हितं धाकला न्हाई."

"आसं कसं? व्हता की."

"न्हाई गं. सायबानं मोजून नकाशा केलाय, मंग बराबरच आसंल." तो माधवरावांकडे वळला. "आमी कदी मोजलंच न्हाई बगा. आई मोजायची, आमी मागनं चालायचो. सायेब, दगड हितंच व्हतं न्हवं?"

सगळ्यांनी माधवरावांकडे पाहिलं. वही त्यांच्या खांद्याच्या पिशवीतच होती. सात फूट, चार फूट दोन इंच, अकरा फूट दहा इंच, दीड फूट. बोलायला एवढं पुरलं असतं.

"हो," माधवराव म्हणाले. "मोजणी बरोबर आहे."

वर आणखी त्यांनी माफी मागितली. दगड कुणाचे ते माहीत नव्हतं, चुना लावला, आकडे घातले, फार मोठी चूक झाली, मी स्वतः येऊन सगळं घासून काढीन. हात जोडून, खालच्या आवाजात. धोंडिबा संकोचून "आसूं द्या, आसूं द्या" म्हणाला. आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. परतताना ती म्हणाली, "काका, इतक्या मोकळेपणाने चूक कबूल करणारी माणसं आता राहिली नाहीत." एका अपराधाची माफी मागून त्यांनी दुसरा तिच्याखाली झाकला होता, आणि वर कौतुकही पदरात पाडून घेतलं होतं. आपण किती हलकट आहोत हे माधवरावांना त्या क्षणी लख्ख दिसलं. तरी ते गप्प राहिले.

सरूबाई मात्र चार नंबरच्या दगडापाशी मेणबत्ती लावून बराच वेळ बसून होती. उठताना ती नातीला म्हणाली, "माजंच डोस्कं गेलं गं आता."

दोन आठवड्यांनी माधवराव टर्पेंटाइनचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन दगड घासायला गेले. धोंडिबाही आला, ब्रश मागून घेऊन स्वतः घासू लागला. चुना निघाला. आकडे फिके झाले पण जाईनात, खरबरीत दगडाने रंग पार पिऊन टाकला होता.

"आई कशी आहे?" माधवरावांनी विचारलं. विचारायला नको होतं असं त्यांना लगेच वाटलं.

धोंडिबाचा हात चालूच होता. "काय सांगू सायेब. त्या दिसापास्नं बसूनच हाय. आधी सगळं करायची, दिसत नसलं तरी. च्या करायची, भाकरी थापायची, शेळीचं दूध काढायची. समदं मोजून-मापून ठेवल्यालं तिचं, चुलीपास्नं मडक्यापत्तूर किती पावलं ते. आता म्हंती, मला काय बी याद न्हाई, माज्या हातनं घर पेटायचं. तेजलनं डाक्टरला दावलं. विसरायची गोळी चालू केलीय."

"विसरायची?"

"म्हंजी इसरू ने म्हून. आन् शेगडीपाशी जाऊ देत न्हाई आमी आता तिला. मीठ जरी घालायचं म्हटलं, तरी आदी मला इचारती, घातलं का रं मी?"

माधवराव पाच नंबर घासत होते. त्यांचा ब्रश थांबला. पिशवी बाजूलाच होती, पिशवीत वही होती. धोंडिबाने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "दमला आसाल, सायेब. माजी मानसं घासायला तुमी आलाय, लय झालं." माधवराव पाणी प्यायले. आणि घरी गेले.

पुढचे चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. विहंगचा फोन आला तर त्यांनी तब्येतीचं कारण सांगून ठेवून दिला. सोसायटीतल्या कुणीतरी लेखाबद्दल विचारलं तर ते जिना चढून सरळ वर गेले. लाज ही गोष्ट त्यांना पूर्वी माहीत नव्हती असं नाही. पण तोवर त्यांना लाज वाटायची ती दुसऱ्यांच्या चुकांची. आता ती त्यांच्या ताटात बसायची, आरशात दाढी करताना समोर उभी राहायची. पाचव्या दिवशी सकाळी ते वही घेऊन वाडीत गेले.

धोंडिबाच्या ओट्यावर ते बसले. आत नाहीत, ओट्यावरच. तेजल रजेवर होती, ती दारात उभी राहिली. सरूबाई भिंतीशी बसलेली. धोंडिबाने खुर्ची आणली ती त्यांनी बाजूला सारली.

"धोंडिबाभाऊ," ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी त्याला भाऊ म्हटलं नव्हतं, तुम्हीही म्हटलं नव्हतं. "तुमच्या आईचं काही चुकलं नाही. दगड मी हलवलेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहार, दोरी, पुण्याचे अभियंते, लोणावळ्याचा तो आठवडा मुद्दाम निवडला तेसुद्धा. वही उघडून अंतरं वाचली. लहान दगड चौथ्यापासून दीड फुटांवर होता आणि आपण तो टोकाला नेऊन लावला, हेही सांगितलं.

धोंडिबा उठून अंगणात गेला आणि पाठ करून उभा राहिला. तेजल बोलली. "मी तिला गोळ्या दिल्या," ती म्हणाली. "पंधरा दिवस होत आले. तुम्ही तिथेच होतात."

सरूबाईने हात टेकला आणि उठली. तेजल पुढे झाली तर तिने तिला हातानेच मागे सारलं. भिंतीला न धरता ती आत गेली. शेगडी पेटल्याचा आवाज आला, मग भांड्याचा, मग डबा उघडल्याचा. बाहेर तिघंही ऐकत होती. थोड्या वेळाने म्हातारी चार कप ताटलीत घेऊन उंबऱ्याबाहेर आली. एक थेंब सांडला नव्हता. तिने ताटली माधवरावांच्या आवाजाच्या दिशेने धरली.

"घे," ती म्हणाली. "साकर बराबर हाय का सांग."

साखर बरोबर होती. माधवरावांनी तसं सांगितलं. तो चहा घशाखाली उतरवणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम होतं, आणि म्हातारी कप रिकामा होईपर्यंत समोरून हलली नाही.

रविवारी सगळे मोरीपाशी जमले. आसावरीला आणि अनुष्काला माधवरावांनी फोनवर सगळं सांगितलं होतं. आसावरी आली पण त्यांच्याशी बोलली नाही. अनुष्काने छापलेले नकाशे परत गोळा केले होते. वही वाचून दाखवायची तेजलने, टेप धरायचा अनुष्काने, पहार माधवरावांनी चालवायची, असं ठरलं. धोंडिबा दगड उचलू लागला. त्यासाठी त्याने कुणाला विचारलं नाही, आणि माधवरावांकडे त्याने पाहिलंही नाही.

जागेवर एकेक दगड उभा राहिला की सरूबाई त्यावर हात ठेवून नाव सांगायची. राघू. काळू. राघूची बायको चंद्री. बापाने पाठ करून घेतलेली नावं, शाळेतल्या पाढ्यांसारखी. माधवराव प्रत्येक वेळी पहार ठेवायचे, वहीत त्या दगडाच्या आकड्यावर काट मारायचे आणि पुढे नाव लिहायचे.

चौथा दगड त्यांनी जास्त सावकाश रोवला. मग लहान दगड टोकावरून आणला. तो धोंडिबाने उचलला नाही. माधवरावांनीच छातीशी धरून आणला. दीड फूट मोजून तो त्याच्या खड्ड्यात बसवला आणि हाताने माती दाबली.

सरूबाई मोरीपाशी गेली. भिंतीच्या शेवटच्या दगडाला पाठ लावून उभी राहिली आणि निघाली. या वेळी ती मोठ्याने मोजत होती. बावीस म्हटल्यावर ती वाकली. हात दगडावर पडला, आणि तिथून उजवीकडे सरकून लहान दगडावर. ती तिथेच बसली. बराच वेळ दोन्ही दगडांवर हात ठेवून बसली.

"पैल्यासारकंच झालं न्हवं समदं?" तिने विचारलं.

प्रश्न माधवरावांना नव्हताच. ते गप्प राहिले असते तरी चाललं असतं, म्हातारीला दिसत नव्हतं आणि बाकीच्यांनी तिला सांगितलं नसतं.

"नाही मावशी," माधवराव म्हणाले. "दगडावर आकडा राहिलाय. मी घातलेला. घासला पण जात नाही."

"किती?"

"या दगडावर चार. धाकल्यावर अकरा."

सरूबाईने दगडाच्या तोंडावरून अंगठा फिरवला, पण हाताला काही लागणार नव्हतं.

"दगुड हलिवलास ते येक येळ समजलं," ती म्हणाली. "मानसाला हाव आसती. पर त्या दिशी मी हितं गुडघ्यावर बसून माती चाचपत व्हते, तवा तू कुटं उबा व्हतास?"

"इथेच," माधवराव म्हणाले. "चार पावलांवर."

"मंग बोलला का न्हाईस?"

माधवरावांनी तोंड उघडलं. लेख, अभियंते, नाव, एवढ्या लोकांसमोरची फजिती, सगळी कारणं होती आणि ओट्यावर सगळी सांगून झाली होती. इथे त्यातलं एकही उभं राहीना. म्हातारीने वाट पाहिली, चांगली वाट पाहिली, आणि मग ती वाट पाहायची थांबली.

"ल्ही," ती म्हणाली. "चार म्हंजी येसू. माजी आज्जी."

त्यांनी चारवर काट मारली आणि येसू लिहिलं.

"आणि अकरा?" त्यांनी विचारलं.

"तिचं नाव ठिवायचं ऱ्हायलं व्हतं. दोनच म्हयन्यांची व्हती."

माधवरावांनी अकराच्या आकड्यावर काट मारली. पेन पुढच्या मोकळ्या जागेवर टेकलेलं राहिलं. तिथे लिहायला त्यांच्यापाशी काही नव्हतं, आणि सरूबाई तेजलकडे मेणबत्ती मागत होती.